युसूफ, तिसऱ्या फेरीबद्दल

परवा तुझ्या जनाज्याला खांदा देताना मला गुडघ्यांत वाकून चालावं लागलं. पुढे तुझा भाऊ, पलीकडे तुझा जावई, सगळे तुझ्याच मापाचे. मी सरळ उभा राहिलो असतो तर तू एका अंगाला कलंडला असतास. शहागंजापासून कब्रस्तानापर्यंत तसाच पाय दुमडून चाललो. मांड्या भरून आल्या, पाठ बोंबलायला लागली, आणि मनात म्हटलं, घे बाबा, शेवटी तुझंच खरं. उंच माणसाला आधी वाकवायचं, मग पुढचं बघायचं, हे तू जन्मभर सांगत आलास. मला हसू आलं. तुझ्या जावयाला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर येतेय. त्यानं थांबायचंय का विचारलं, मी नको म्हणालो.

माती देताना मागे कुणीतरी बोललं, "आदमी हीरा था. बस, उस दिन तिसरे राउंड में हिम्मत हार गया." बोलणारा आपल्याच वयाचा होता. दुसऱ्यानं "हौ" म्हणून मान डोलावली. तुझ्यावर माती पडत होती आणि त्यांच्या तोंडी अजून ती तिसरी फेरीच होती. या वयात माझ्या मुठी वळल्या. पण तिथं काय बोलणार? मूठभर माती टाकली आणि बाजूला झालो.

म्हणून हे लिहितोय. तू मला शपथ घातली होतीस की खरं काय ते कुणाला सांगायचं नाही. ती मी पाळली. तू होतास तोवर पाळली. आता तू नाहीस आणि लोक तुझ्या कबरीवरसुद्धा तेच बोलतायत, तेव्हा माझ्याच्यानं गप्प बसवत नाही. चिडायचं तर चीड.

मी तुला कसा भेटलो हे तुला सांगायची गरज नाही, पण तुझ्या नातवंडांनी हे वाचलं तर त्यांना कळायला हवं. तुमची नानची भट्टी होती आणि आमचं घर मागच्या गल्लीत. माझे वडील तहसील कचेरीत कारकून. त्यांना मुलगा मॅट्रिक होऊन खुर्चीत बसायला हवा होता आणि मुलगा तालमीत तुझ्या खाली पडून माती खात होता. तू बुटका, रुंद, पीठ मळून मळून मनगटं मुसळासारखी झालेला. मी बांबू. तू मला पहिल्या दिवसापासून 'ऊंट' म्हणालास आणि शेवटपर्यंत तेच. परवा भाभी मला बघून रडत रडत म्हणाल्या, "ऊंटभाई, चले गए वो," आणि त्याही क्षणी ते नाव ऐकून मला बरं वाटलं.

कुस्तीतून तू बॉक्सिंगला कसा गेलास ते मला कधी नीट कळलं नाही. तालमीत जुन्या ग्लोव्हजची जोडी आली, तू घातलीस आणि काढलीच नाहीस. शिकवणारं कुणी नव्हतं. तू स्वतःच शिकलास, माझ्या अंगावर. वजनी गटात तू सगळ्यात वरच्या, हेवीवेटच्या गटात यायचास आणि तिथं सगळे तुझ्यापेक्षा उंच. लहान गावातल्या स्पर्धांत ते चालून जायचं. तू घुसायचास, दोन ठोसे पोटात घालायचास, समोरचा दुमडायचा. मग सावंत आला.

सावंत लष्करातला. कितीतरी वर्षं राज्याचा विजेता, त्याला कुणी हरवलेलं नव्हतं. दारातून येताना मान खाली घालणारा माणूस. त्याचा डावा हात म्हणजे लांब काठी, ती तोंडासमोर सतत हलत राहायची, आणि काठीला कंटाळून माणूस जरा पुढं झाला की मागून उजवा यायचा. उजवा आला की खेळ संपला. त्या वर्षी राज्य स्पर्धा औरंगाबादला होणार ठरलं आणि तू मला भट्टीच्या मागच्या गोदामात बोलावून म्हणालास, "आजसे तू सावंत."

मी सावंत झालो. उंची होती म्हणून. बाकी माझ्यात सावंताचं काही नव्हतं, ठोसा मारला तर माझंच मनगट दुखायचं. दुपारी भट्टी थंड झाली की पिठाच्या पोत्यांमध्ये आपण दोघं उभे राहायचो. छातीच्या उंचीवर आडवी दोरी बांधलेली. तू तिच्या खालून इकडून तिकडे जायचास, वाकून, गुडघ्यांतून, पाठ न मोडता. मी हात लांब करून तुझ्या तोंडावर डावा मारत राहायचो.

आपला वाद तिथं सुरू झाला. तुझं म्हणणं, घंटा वाजली की घुसायचं. माझं म्हणणं, थांब. मी उंच आहे, मला विचार की उंच माणसाला कशाची भीती वाटते. तू ग्लोव्हज खाली करून म्हणालास, "बोल ऊंट, कशाची वाटती?"

मी सांगितलं होतं. तू माझ्याकडे धावत येतोस तेव्हा मला भीती वाटत नाही, तेव्हा मला मजा वाटते, कारण तू माझ्या हातावरच येऊन आदळतोस. माझा हात मारून परत येत असतो तेव्हा तू त्याच्यामागून आत आलास की माझी धांदल उडते. मग तो हात मला परत फेकता येत नाही. तोंड तुला लांब पडतं, त्याच्या नादी लागू नकोस. जे जवळ आहे ते मार. बरगड्या, पोट, अगदी दंडसुद्धा. आत आलास की बाहेर सरळ मागे जाऊ नकोस, तिथंच मार बसतो. बाजूनं निघ. आणि मला मागे मागे चालायला लाव. आम्हा लांब टांगांच्या माणसांना मागे चालता येत नाही.

तू सगळं ऐकलंस आणि म्हणालास, "हे सगळं मेरेकू पहिलेसेच माहीत होतं." नालायका, माहीत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी तू माझ्या परतणाऱ्या हातामागून आलास आणि माझ्या बरगडीत असा घातलास की मी पोत्यावर बसलो ते उठेना. तुझ्या अम्मीनं मला हळद घातलेलं दूध दिलं आणि तुला शिव्या.

तुझी एकच खोड जात नव्हती. तालमीची. आत आलास की तुझा हात आपोआप समोरच्याच्या मानेवर जायचा, कुस्तीत जातो तसा. कधी काखेतून हात घालून मला उचलायला बघायचास. बॉक्सिंगमध्ये हा गुन्हा. मी ओरडायचो, "अरे, ही कुस्ती नाय!" शेवटी तुझ्या दोन्ही काखांत पीठ झाकायचं ओलं फडकं दाबून धरायला लावलं. फडकं पडलं की हात चुकला. तू शिव्या देत देत फडकं सांभाळायचास आणि गोदामात तुझ्या अम्मीच्या फडक्यांचा चिखल व्हायचा.

आणि मग तो डोळा.

तालमीतल्याच सरावात कुणाचा तरी अंगठा तुझ्या डाव्या डोळ्यात गेला. तू म्हणालास काही नाही. पण मी सावंत होतो ना, माझा उजवा मी तुझ्या डाव्या बाजूनं मारायचो, आणि मला दिसत होतं की तो तुला दिसत नाही. आधी तू डोकं हलवायचास, आता नुसता मार खायचास. मी तुला ओढून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, पडदा सैल झालाय. ऑपरेशन करावं लागेल. त्याआधी डोक्याला जोराचा मार बसला तर हा डोळा गेला समज. तू विचारलंस, "ऑपरेशन स्पर्धेनंतर केलं तर?" डॉक्टरांनी तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं.

त्या आठवड्यात तू पाचोडच्या बाजाराला नान घेऊन गेलास आणि मीही मागे लागून आलो, कारण घरी बोलायची सोय नव्हती. येताना एसटीत आपण मागच्या बाकावर भांडलो. आठवतं? गाडी एवढी खडखडत होती की भांडण ओरडून करावं लागत होतं, आणि ओरडलं तर लोक ऐकत होते.

मी म्हणालो, "डोळा गेला तर भट्टीवर काय करशील?"

"नान एका डोळ्यानं बी लागतो."

"सावंताचा उजवा एका डोळ्यानं दिसतो का?"

तू पुढच्या बाकाचा दांडा घट्ट धरलास. मग म्हणालास, "आत गेल्यावर डोळे लागत नाय. अंगानं कळतं. कुस्तीत मी कधी डोळ्यानं लढलो का? आत जातो, चिकटतो, तिथंच राहतो. त्याला उजवा मारायला जागाच देत नाय. बाहेर राहू नको हे तूच बोलला ना?"

मीच बोललो होतो. माझीच अक्कल तू माझ्या तोंडावर मारलीस. मी म्हणालो, आत जायच्या आधी बाहेर असावं लागतं, आणि तेवढ्यात तो मारेल. तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "आपल्या इथून आजपर्यंत कुणी देशाच्या स्पर्धेला गेलं का हेवीवेटमध्ये? मी जाणार. तू कोपऱ्यात उभा राहणार की नाय, तेवढं सांग." मी म्हणालो, राहीन. दुसरं काय म्हणणार होतो? मी नसतो राहिलो तर तुला डोळ्याचं माहीत नसलेला कुणीतरी राहिला असता.

वैद्यकीय तपासणीत तू केलेली लबाडी मी दारातून बघितली. डॉक्टर म्हणाले, एक डोळा झाका, वाचा. तू डाव्या हातानं डावा झाकलास आणि वाचलंस. दुसरा झाका म्हणाले, तर तू उजवा हात तोंडावरून नेऊन परत डावाच झाकलास. ते कागदावर काहीतरी लिहीत होते. तू बाहेर आलास आणि मला डोळा मारलास. चांगला डोळा. मला तेव्हा तुझा गळा दाबावासा वाटला होता.

आमखास मैदानावर मांडव, मधे रिंग, आणि अर्धं शहर. तुझ्या भट्टीचे, तालमीचे, माझ्या वडिलांच्या कचेरीतले चार लोकसुद्धा. पहिल्या फेरीत तू बाहेरच अडकलास. सावंताचा डावा तुझ्या कपाळावर टकटक वाजत होता. एकदा आत गेलास आणि सवयीनं त्याच्या मानेवर हात टाकलास, रेफरीनं ताकीद दिली. मी खालून बोंबललो, "फडकं! युसूफ, फडकं!" लोकांना वाटलं मी पाणी पुसायला मागतोय.

दुसऱ्या फेरीत तू ते केलंस. त्याचा डावा परत येत होता आणि तू त्याच्याबरोबर आत गेलास, आणि मग निघालाच नाहीस. डोकं त्याच्या छातीला लावून, कोपर अंगाशी धरून, बरगड्यांत मारत राहिलास. आवाज मांडवात घुमत होता. सावंत तुझ्या मानेवर वजन टाकायला बघायचा, तू बाजूला वळायचास आणि परत मारायचास. फेरीच्या शेवटी एवढा मोठा माणूस तोंड उघडून श्वास घेत होता. मी आयुष्यात इतकं सुंदर काही बघितलं नाही. हे तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतो.

तू कोपऱ्यात येऊन बसलास. मी तुझ्या डाव्या बाजूला उभा होतो. तोंड पुसायला टॉवेल तिकडूनच पुढे धरला. तू तो घेतला नाहीस. मी जरा जवळ सरकवला. तू समोर बघत म्हणालास, "टॉवेल दे ना बे." टॉवेल तुझ्या डाव्या गालापाशी होता. मी म्हणालो, "युसूफ, बस झालं." तू म्हणालास, "वो थक गया, ऊंट. उसकी सांस सुन. अब मेरा है." घंटा वाजली आणि तू उठलास.

तिसरी फेरी. तू त्याला मागे मागे चालवत दोरापर्यंत नेलंस. लोक बाकांवर उभे राहिले. तू आत होतास, मारत होतास. मग डोक्याला डोकं लागलं, तू किंचित मागे फेकला गेलास, मधे हातभर जागा झाली. आणि तू मान वाकडी केलीस. कोंबडी दाणा बघते तशी, एका बाजूनं. तू त्याला शोधत होतास, युसूफ. तो समोर होता आणि तू शोधत होतास. मी त्याचा उजवा वर जाताना बघितला. तुझी डावी बाजू उघडी होती.

मी टॉवेल टाकला.

तो रिंगमध्ये तुझ्या डाव्या अंगाला पडला. कोपऱ्यातून टॉवेल पडला म्हणजे त्या कोपऱ्यानं हार मानली, म्हणून रेफरीनं हात आडवे करून लढत थांबवली. तू वळलास, खाली टॉवेल बघितलास आणि दोन्ही हात वर केलेस. तुला वाटलं, सावंताच्या कोपऱ्यातून आलाय. तू हसत होतास. हात वर करून दोराकडे धावलास, लोकांकडे बघून नाचलास. मग मागे रेफरीनं सावंताचा हात वर केला. तू ते बघितलंस, मग टॉवेल बघितलास, मग मला. तुझे हात खाली कसे आले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मांडवाच्या मागे लोकांनी मला घेरलं. तू कपडे बदलत होतास. "काय कू फेका? जीत रा था वो! किसके कहने पे फेका?" कुणीतरी माझी कॉलर धरली. कुणीतरी माझं आडनाव विचारलं. आडनाव सांगितल्यावर आवाज आणखी चढले. डोळ्याचं सांगितलं असतं तर सुटलो असतो, पण ते तुझं गुपित होतं. तेवढ्यात तू आलास. उघडा, डोळा सुजलेला. कॉलरीवरचा हात तू काढलास आणि म्हणालास, "मैं बोला था उसकू. मेरे से नहीं हो रा था. मैंच बोला, फेक."

सगळे मागे सरले. मला कुणी हात लावला नाही. पण तुझ्याकडे ज्या नजरेनं त्यांनी बघितलं, ती तू पुढं सगळं आयुष्य शहागंजात वागवलीस. घरी जाताना गल्लीच्या तोंडाशी तू मला भिंतीला रेटून शपथ घातलीस आणि म्हणालास, "आज के बाद मेरे सामने नको आ."

ऑपरेशन झालं. डोळा राहिला, अंधुक पण राहिला. मला ते तुझ्या अम्मीकडून कळायचं. किती दिवसांनी ईदला तू स्वतः दारात आलास, शिरखुर्म्याचा डबा घेऊन. आत न येता म्हणालास, "मैं जीत रा था." मी म्हणालो, "तुला दिसत नव्हतं." तू म्हणालास, "दिसनेका क्या काम था?" मग आत आलास. माझ्या आईनं तुला जेवू घातलं.

तिथून पुढं आपली एकही भेट याशिवाय गेली नाही. तुझ्या मुलीच्या लग्नात तू मला बाजूला घेऊन म्हणालास, अजून एक बरगडीत बसला असता. मी म्हणालो, मुलीकडे बघ, दोन्ही डोळ्यांनी बघतोयस ना? "दो आंखों से रोज तेरा मुंह देखना पडता," असं म्हणून तू बिर्याणीकडे निघून गेलास. मी मुकुंदवाडीला राहायला गेलो तरी तू रिक्षा करून भांडायला यायचास. गेल्या महिन्यात दवाखान्याच्या खाटेवर नळ्या लावलेल्या असताना तू मला खुणेनं जवळ बोलावलंस. मला वाटलं, आता काही निरवानिरव. तू म्हणालास, "तिसरे में मेरा था, ऊंट." आणि मी, एवढ्या आजारी माणसाला, म्हणालो, "नव्हता."

आज सकाळी सावंताचा फोन आला. हो, तोच. साताऱ्याकडे असतो. जुन्या खेळाडूंच्या कुठल्याशा ग्रुपवर त्यानं तुझी बातमी वाचली, माझा नंबर मिळवला. आवाज अजून दणकट. तुझ्याबद्दल बोलत राहिला, मग म्हणाला, "एक विचारू का? तेव्हा गडी एवढा पुढं होता, तर त्यानं सोडलं का? एवढी वर्षं मला उलगडलं नाही."

मी म्हणालो, "त्यानं नाही सोडलं. मी टॉवेल टाकला. त्याचा डोळा जाणार होता."

मग सावंत म्हणाला, "अहो, मी संपलो होतो. पाय गेले होते माझे. बरगडीत श्वास जात नव्हता. दोराला टेकून उभा होतो नुसता. अजून एक बसला असता तर खाली बसायचं, उठायचं नाही, असं ठरवलं होतं मी."

मी विचारलं, "आणि तुमचा उजवा? तो वर गेला होता. मी बघितला."

"तो होय?" सावंत म्हणाला. "तो मारायला नव्हता हो. तोंड झाकायला वर घेतला होता. भ्यालो होतो मी."

फोन ठेवल्यावर मी खुर्चीत बसून राहिलो. बायकोनं चहा आणून ठेवला, तो गार झाला. संध्याकाळी शहागंजात जाणार आहे. त्या कब्रस्तानातल्या म्हाताऱ्याला शोधणार आहे, आणि भट्टीवर, तालमीत, चहाच्या टपरीवर, जो भेटेल त्याला सांगणार आहे की युसूफनं हिंमत हारली नव्हती, सावंतानं हारली होती, आणि हे सावंत स्वतः म्हणाला. भाभींना सगळ्यात आधी सांगेन. तुला सांगता येत नाही, याचा मला इतका राग येतोय की काय करू कळत नाही. दोन-चार दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं?

तू जिंकत होतास, युसूफ. तिसऱ्यात तुझाच होता. घे, म्हणालो. पण वाद मिटला असं समजू नकोस. तुझी ती वाकडी मान मला अजून दिसते. तो उजवा तोंड झाकायला वर गेलाय, हे त्या संध्याकाळी खुद्द सावंतानं येऊन माझ्या कानात सांगितलं असतं, तरी मी टॉवेल टाकला असता.